मधला साफा

कादंबरीच्या हातात एकदा माइक आला की तो परत मिळवायला दोन माणसं लागायची. आणि गंमत अशी, की दोन वर्षांपूर्वी हीच पोरगी हजेरीला 'येस मॅम' इतक्या बारीक आवाजात म्हणायची, की प्रतिमा मॅडम तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या.

त्याला कारण होतं. सहावीत असताना ती कोल्हापूरहून जयपूरला आली. बाबांना, म्हणजे परीक्षितला, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आईला एका मेडिकल कॉलेजात. वैशाली नगरातल्या नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात कादंबरी वर्गात उभी राहून हिंदीत काहीतरी म्हणाली आणि अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. झालं! त्या दिवसापासून तिनं तोंडाला जे कुलूप घातलं, ते थेट नववीत उघडलं, तेही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. ढोल वाजवणारा एक मुलगा आजारी पडला, कुणीतरी तिच्या कमरेला ढोल बांधला, आणि पहिल्या ठोक्याला आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. आपण आवाज केला की लोक वळून बघतात, हे तिला त्या दिवशी कळलं. मग काय विचारता! वादविवाद झाला, नाटक झालं, आणि अकरावीत तिच्या छातीवर सांस्कृतिक सचिवाचा पितळी बिल्ला आला. तो ती घरीसुद्धा लवकर काढायची नाही.

"झोपताना तरी काढ की गं," बाबा म्हणायचे. "टोचंल."

यंदाच्या उन्हाळ्यात जयपूरनं भोंगे ऐकले. सरहद्दीवर धुमश्चक्री चालली होती आणि शहरात दिवे मालवायची तालीम होत होती. सोसायटीतले लोक खिडक्यांना काळे कागद लावत होते. शाळेला सुट्टी लागायची होती, त्यामुळे स्कूल बस चालू होती, आणि ती चालवत होते सुखदेवजी.

सुखदेवजी चौमूंजवळच्या एका गावातले. रोज पहाटे निघून जयपूरला यायचे. एकुलता एक मुलगा भंवर फौजेत, आणि ठाणं अगदी सरहद्दीवर. त्या मे महिन्यात नऊ दिवस त्याचा फोन आला नाही. त्या नऊ दिवसांत सुखदेवजींची बस एकदाही उशिरा आली नाही. कादंबरी रोज सकाळी बसमध्ये चढताना विचारायची, "आला का फोन?" आणि ते आरशात बघून मान हलवायचे. दहाव्या दिवशी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर त्यांनी गुळाचा एकेक खडा ठेवला. कुणालाच काही विचारावं लागलं नाही. कादंबरीनं तर बसमध्येच उभं राहून आरोळी ठोकली होती.

म्हणजे बघा, तिचा त्यांच्यावर जीव होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते तिनं त्याच प्रेमानं केलं, आणि तीच तर मोठी लाजेची गोष्ट आहे.

जुलैमध्ये मुख्याध्यापकांनी सभा घेतली. "यंदाचा पंधरा ऑगस्ट दरवर्षीसारखा नको," ते म्हणाले. "देशावर वेळ येऊन गेलीय. आपण सगळे एक आहोत हे दिसलं पाहिजे. दिसलं पाहिजे!" दुसऱ्यांदा 'दिसलं' म्हणताना त्यांनी टेबलावर बोट आपटलं. सगळ्यांच्या माना हलल्या. आणि कादंबरीचा हात वर गेला.

कल्पना तिची होती. शाळेतच अशी तीन माणसं होती, ज्यांचे मुलगे सरहद्दीवर होते: फाटकावरचे चौकीदार, बसचे सुखदेवजी आणि सातवीतल्या एका मुलाचे आजोबा. तिघांना मंचावर बोलवायचं आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या डोक्याला साफा बांधायचा. पहिल्याला केशरी, मधल्याला पांढरा, तिसऱ्याला हिरवा. तीन बाप शेजारी उभे राहिले की झाला झेंडा! आणि साफे बांधणार कोण? स्वतः कादंबरी. कोल्हापूरच्या मुलीला फेटा बांधता येत नाही असं कधी झालंय का?

खरं तर येत नव्हता. महिनाभर ती बाबांचं डोकं धरून बसली.

"आपल्याकडं फेटा, यांच्याकडं साफा," बाबा आरशासमोर बसून शिकवायचे. "कापड कापडच. ताण सोडू नकोस. आँ, कान सोड माझा!"

मापाचं कापड त्यांनीच तिच्याबरोबर बाजारात जाऊन घेतलं, खळ घातली, इस्त्री केली. चाळीस सेकंदांत कादंबरी फेटा बांधू लागली. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोल्हापूरला स्वप्नाली आत्याला व्हिडिओ गेले.

तालमीच्या वेळी अमिता बोलली. अमिता म्हणजे कादंबरीची बाकावरची मैत्रीण, इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या इथली. कमी बोलणारी. कादंबरी कुलूप लावून बसायची त्या दिवसांत हिनंच तिला डबा दिला होता, हिंदी शिकवली होती.

"सुन," अमिता म्हणाली, "मधला रंग बदल. पांढरा साफा आमच्याकडे घरातलं कुणी गेल्यावर बांधतात."

"काहीतरीच! चौमूंच्या बाजारात मी किती म्हातारे पाहिलेत पांढरा साफा बांधलेले. मस्त चहा पीत बसलेले असतात."

"त्यांच्यात चालतो. सगळ्यांच्यात नाही चालत. सुखदेवजींना विचार तर एकदा."

"अगं, पण झेंड्यातला पांढरा आहे तो! शांतीचा!" कादंबरीचा आवाज आपोआप मंचावरचा झाला होता. सगळी खोली ऐकत होती. "मतलब आता झेंड्यालाही सुतक लावणार का तू?"

खोली हसली. चांगली खळखळून हसली. अमिताचे कान लाल झाले आणि ती जाऊन तबल्याच्या मागे बसली. प्रतिमा मॅडम जरा घुटमळल्या. "कादंबरी, मधल्याला आपण बदामी दिला तर?"

"मॅम, झेंड्यात बदामी कुठे असतो?"

मॅडमही हसल्या आणि तो विषय तिथे मिटला. सहावीत जो वर्ग आपल्याला हसला होता, तोच आता आपल्या बाजूनं हसतोय, एवढंच कादंबरीच्या डोक्यात राहिलं. कुणाला हसतोय, हे तिनं पाहिलंच नाही.

सुखदेवजींना तिनं विचारलं नाही असं नव्हे. बसमधून उतरताना म्हणाली, "सुखदेवजी, पंधरा ऑगस्टला तुम्हाला मंचावर यायचंय. काकींनाही आणा. साफा बांधून सत्कार आहे."

ते इतके खूश झाले, की त्यांनी गिअरवरचा हात काढून कपाळाला लावला. "मग बाईसा, घरून आणू माझा? भंवरच्या लग्नासाठी नवा घेतलाय. चुनरीचा, लाल-पिवळा." भंवरचं लग्न हिवाळ्यात ठरलं होतं. 'बाईसा' ते प्रत्येक मुलीला म्हणायचे, लेकीला मानानं हाक मारावी तसं.

"नको नको! साफा आमचा. रंग सरप्राइज!"

"जशी आज्ञा," ते हसून म्हणाले.

पंधरा ऑगस्टला सकाळी मैदान ओलं होतं आणि आकाश स्वच्छ. पुढच्या खुर्च्यांवर सी-स्कीमच्या बड्या वस्तीतले पाहुणे, त्यामागे पालक, सगळ्यांत मागे शिपाई, आया, ड्रायव्हर यांच्या घरची माणसं. काकी तिथेच बसल्या होत्या, पिवळी ओढणी डोक्यावरून घेऊन. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मग भाषण, मग नाच, आणि मग कादंबरीनं माइक घेतला.

पहिला साफा, केशरी, चौकीदारांच्या डोक्यावर असा बसला की पाहुण्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. कादंबरीनं पांढरं कापड उलगडलं. खळ घातलेलं ते कापड उन्हात असं चमकलं, की तिचे तिलाच डोळे मिटावे लागले. ती सुखदेवजींसमोर उभी राहिली.

"बाईसा," ते म्हणाले. ओठ जेमतेम हलले. "ये वाला नहीं."

पुढचे कितीतरी तास तिनं स्वतःला बजावलं, की टाळ्यांच्या आवाजात आपल्याला काही ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं. त्याच क्षणी अमिताचं बोलणंही आठवलं होतं. पण समोर एवढी माणसं, हातात माइक, शेजारी एक केशरी साफा बांधून तयार, आणि मधोमध भगदाड पडलेला झेंडा! कादंबरीनं माइक तोंडाशी नेला.

"अरे, हमारे सुखदेवजी तो शरमा गए! जरा जोरदार तालियाँ!"

टाळ्या कडाडल्या. सुखदेवजींनी एकदा वर झेंड्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली, तिच्या हाताला नीट येईल इतकी.

तिनं बांधला. चाळीस सेकंदही लागले नाहीत. पुढच्या रांगा वाजत राहिल्या, आणि मागच्या रांगांमधून मात्र आवाज एकदम गेला, कुणी पंखा बंद करावा तसा. मागे एक पिवळी ओढणी उठली आणि फाटकाकडे चालू लागली. कादंबरीला ती दिसली. तिला वाटलं, काकींना पाणी हवं असेल.

कार्यक्रम संपेपर्यंत सुखदेवजी मंचावर ताठ उभे होते. शेवटचं गाणं झालं, झेंड्याला सलामी झाली, मुलं पांगली, तेव्हा ते बसच्या मागे गेले. कादंबरी त्यांना शोधत आली तर त्यांनी साफा उतरवून त्याची व्यवस्थित घडी घातली होती. दोन्ही हातांनी त्यांनी ती घडी पुढे केली.

"शाळेचं आहे, बाईसा."

"अहो, काढलात कशाला! इतका छान दिसत होता!"

"झेंड्यासमोर दिलेला होता. तिथे काढता येत नव्हता," ते म्हणाले. एवढंच. आणि बसची काच पुसायला लागले.

किती देशभक्त माणूस, असं वाटून कादंबरीला भरून आलं.

दुपारपर्यंत तिनं रील बनवली. तीन साफे, तीन बाप, मागे मंडळाचा ढोल. शाळेच्या पानावर टाकली, आत्याला पाठवली. संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी पाहिली. आत्यानं लिहिलं, 'आमची वाघीण!' आणि तेव्हाच अमिताचा फोन आला.

"बघितलीस?" कादंबरी ओरडली. "चार हजार!"

"काकी रडत बाहेर गेल्या," अमिता म्हणाली. "माझी मम्मी त्यांच्या पुढच्याच रांगेत बसली होती."

"का? मतलब काय झालं?"

"तुला सांगितलं होतं मी. त्यांच्यात पांढरा साफा घरातलं माणूस गेल्यावर बांधतात. त्यांच्या घरात माणसं किती आहेत? सुखदेवजी, काकी आणि भंवर. बापाच्या डोक्यावर पांढरा चढला तर त्या बाईनं काय समजायचं? मे महिन्यात नऊ दिवस ती जे तोंडातून निघू देत नव्हती, ते तू माइकवर टाळ्या मागून करून दाखवलंस."

कादंबरीनं रीलचा आवाज बंद केला.

"आणि अजून एक," अमिता म्हणाली. "सुतकाचा जोक चांगला होता तुझा." तिनं फोन ठेवला.

माणसाला लाज वाटते म्हणजे काय होतं, हे कादंबरीला तोवर ठाऊक होतं असं तिला वाटायचं. वर्ग हसतो, कान तापतात, ती लाज. ही वेगळी होती. इथे कुणीच हसत नव्हतं. उलट सगळे वाहवा करत होते, फोन सारखा टिणटिणत होता आणि प्रत्येक टिणटिणीला ती आणखी खाली जात होती.

रील काढून टाकावी, असं तिला त्याच क्षणी वाटलं. काढली नाही. चाराचे पाच हजार झाले होते. सकाळी काढू म्हणाली. सकाळी प्रतिमा मॅडमचा मेसेज आला, मुख्याध्यापक फार खूश आहेत म्हणून, आणि ती पुन्हा दुपारवर ढकलली. शनिवारी दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, "काय गं, जेवंना झालीस?" तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, 'ये वाला नहीं' सोडून सगळं.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "मी पुढं बसून व्हिडिओ काढत होतो," ते म्हणाले. "त्यांचं तोंड माझ्या फोनमध्ये एवढं मोठं दिसत होतं. मला वाटलं, आलंय भरून बिचाऱ्याला."

मग तिनं रील काढून टाकली.

रविवारी दुपारी दोघं गाडीनं चौमूंकडे निघाले. कादंबरीच्या मांडीवर खोकं होतं. त्यात नवा साफा, लहरियाचा म्हणजे तिरप्या पट्ट्यांचा, लाल, पिवळा, हिरवा, दुकानातला सगळ्यांत रंगीत. गाडीत ती हिंदीतली माफी पाठ करत होती. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं बसवलं होतं. सवयच ती.

घर दोन खोल्यांचं होतं, पुढे निंब आणि खाट. सुखदेवजी खाटेवर बसले होते आणि त्यांच्या डोक्याला लाल-पिवळा चुनरीचा साफा होता. ते लगबगीनं उठले. "आओ, आओ बाईसा! साहेब, तुम्हीपण! अगं, चहा ठेव!" इतकं आगतस्वागत, की कादंबरीला मान वर करवेना. काकींनी पाण्याचे पेले आणून ठेवले. तिच्याकडे पाहिलं नाही.

कादंबरी उभी राहिली आणि माफी म्हणू लागली. पहिली दोन वाक्यं ठीक गेली. तिसऱ्याला तिच्याच कानांना ते सूत्रसंचालन वाटलं आणि तिचा आवाज बसला. तिनं मुकाट्यानं खोकं पुढे केलं.

काकींनी झाकण उघडलं. साफा पाहिला. झाकण लावलं आणि खोकं तिच्याकडे परत सरकवलं.

"पांढरा उतरला की रंगीत साफा आणायचा मान माझ्या माहेरचा," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ काल येऊन बांधून गेला. साठ मैलांवरून आला, ऐकल्याबरोबर."

"मग हा..."

"घेऊन जा."

"अगं, बच्ची आहे," सुखदेवजी म्हणाले. "इथली रीत तिला काय माहीत. मी हळूच म्हटलं होतं, पण टाळ्या किती वाजत होत्या! तिला ऐकूच गेलं नाही. किती वेळा सांगू तुला?"

"बच्ची असती तर मी एक शब्द बोलले नसते," काकी म्हणाल्या. "बच्चीच्या हातात माइक नसतो."

कादंबरी निघायला वळली, तेव्हा काकी म्हणाल्या, "बस. रविवारी चार वाजता भंवरचा फोन येतो. येऊ दे. मग जा."

ती बसली. चार वाजले. सव्वाचार झाले. फोन एका उलट्या पातेल्यावर ठेवला होता, तिथेच म्हणे रेंज चांगली मिळते. काकी गहू निवडत होत्या. निवडलेला गहू पुन्हा सुपात घेऊन पुन्हा निवडत होत्या. साडेचार झाले. सुखदेवजी उगाच बाबांना या रस्त्यावर नवा पूल कुठे होणार ते सांगत होते आणि बोलता बोलता एकाएकी थांबत होते. पाचाला काकींचे हात थांबले. कादंबरीनं आयुष्यात देवाकडे बक्षिसं मागितली होती, मार्क मागितले होते. त्या तासाभरात तिनं एका अनोळखी मुलाच्या आवाजाशिवाय काही मागितलं नाही. आणि मनात येत होतं, की ही बाई हे दर रविवारी करते. माझ्यामुळे फक्त आजचा रविवार जास्त लांबलाय.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. सुखदेवजींनी तो घेऊन आवाज मोठा केला.

"माँ कहाँ है?" पलीकडून आवाज आला. ना राम राम, ना काही.

"इथेच आहे रे, तू कसा..."

"आधी आईला द्या. तिचा आवाज ऐकवा मला."

काकींच्या मांडीवरचं सूप खाली आलं. "मी आहे रे. काय झालं? तू बरा आहेस ना?"

मग तो बोलू लागला, तुटक तुटक. शुक्रवारी रात्री एका सोबत्याच्या फोनवर त्यानं शाळेचा व्हिडिओ पाहिला. रेंज नव्हती, आवाज येत नव्हता, चित्रच अडकलेलं. आणि त्यात बाबूजी, डोक्यावर पांढरा साफा. त्याला वाटलं, आई गेली. वाटलं, मला सुट्टी मिळणार नाही म्हणून घरच्यांनी लपवलंय. फोन करायची त्याची पाळी आज होती. दोन दिवस तो पहारा देत होता आणि घरात नसलेलं सुतक मनात पाळत होता. "दोन दिवस जेवलो नाही, माँ," तो म्हणाला, आणि फौजेतला एवढा मोठा मुलगा लहान पोरासारखा रडला.

"मी तर तुझ्याच..." काकी म्हणाल्या आणि ओढणीचा पदर त्यांनी दातांत धरला. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मुलाला ते सांगण्यासारखं नव्हतं.

आई मुलासाठी भ्यायली होती आणि मुलगा आईसाठी, आणि दोघांच्या मध्ये कादंबरीचा चाळीस सेकंदांत बांधलेला सुंदर साफा होता.

"कुणी बांधला तो?" भंवरनं विचारलं.

"शाळेत कार्यक्रम होता रे," सुखदेवजी घाईनं म्हणाले. "झेंड्याचे रंग होते. मुलांना काय कळतं..."

कादंबरीचा हात वर गेला. वर्गात जातो तसा, आपोआप. फोनवर हात कुणाला दिसणार! "मी," ती म्हणाली. "भैया, मी बांधला. काकांनी मला नको म्हटलं होतं." ती थांबली. इथे थांबली असती तरी चाललं असतं. सुखदेवजींनी वाट करून ठेवली होती. "आणि मला ते ऐकू आलं होतं. टाळ्या नव्हत्या वाजत तेव्हा. टाळ्या मी नंतर मागितल्या."

सुखदेवजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून ते तिच्याकडे हसून बघत होते. आता पहिल्यांदाच नुसतं पाहिलं. दोन दिवस बायकोशी, मेव्हण्याशी, गावाशी ते तिच्या बाजूनं भांडले होते, एका वाक्याच्या जोरावर. ते वाक्य तिनं त्यांच्याच अंगणात खोटं पाडलं होतं. त्यांनी हात उचलून डोक्यावरच्या साफ्याची कड चाचपली, जागेवर आहे का बघावं तशी, आणि नजर खाली वळवली.

"ठीक है," भंवर पलीकडून म्हणाला. रागानं नाही. दमून. "माँ, पुढच्या रविवारी करतो." आणि फोन कट झाला.

काकींनी सांडलेला गहू गोळा करायला घेतला. कादंबरी खाली बसून मदत करू लागली तर त्यांनी तिला नको म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही. दोघींनी मातीतला दाणा न् दाणा वेचला. मग काकी आत गेल्या.

सुखदेवजी गाडीपर्यंत पोचवायला आले. दार लावून दिलं. "सांभाळून जा," ते बाबांना म्हणाले. तिला काही म्हणाले नाहीत. 'बाईसा' म्हणतील म्हणून ती काच खाली करून वाट बघत राहिली, अगदी गाडी वळेपर्यंत.

खोकं परत मांडीवरच. जयपूरचे दिवे दिसू लागले. "मला पण सांगितलं नव्हतंस," बाबा एकदाच म्हणाले. मग तिचा फोन टिणटिणला.

स्वप्नाली आत्यानं फेसबुकवर तीच रील टाकली होती, ढोलासकट. शाळेच्या पानावरून कादंबरीनं काढली, पण आत्याकडे ती होतीच. खाली सगळं कोल्हापूर गोळा झालं होतं. 'जय हिंद', 'फेटा कडक!', 'मधले काका किती भावुक झालेत बघा.' आणि मधोमध थांबलेलं चित्र, पांढरा साफा बांधून मान खाली घातलेले सुखदेवजी.

'आत्या, ते काढून टाक,' तिनं लिहिलं.

लगेच फोनच आला, मागे कुठलंसं गाणं वाजत होतं. "का गं? किती गोड आलंय! तीनशे जणांनी शेअर केलंय. तुझ्या आजोबांनी तर अख्ख्या गल्लीला दाखवलं. काढू कशाला?"

कादंबरीनं बाबांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. तीनशे जण. प्रत्येकाला फोन करावा लागला असता, आणि केला असता तरी किती जणांनी पुढे पाठवलं असेल कुणास ठाऊक. कुठल्याशा चौकीवर अजून कुणाच्या फोनमध्ये ते चित्र अडकलेलं असेल.

"हॅलो? अगं बोल की," आत्या म्हणाली. "आवाज गेला काय तुझा?"

"आत्या, गाणं बंद कर मागचं," कादंबरी म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच झाला होता, हजेरीला ऐकू न येणारा. "आणि मध्ये बोलू नकोस. ते जे मधले काका आहेत ना, ते भावुक नाही झालेत. ते मला नको म्हणत होते."

"म्हंजे?"

खोक्याचं झाकण घट्ट धरून कादंबरी सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, 'ये वाला नहीं' न गाळता.